दिवस किती भरले?

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी यांच्या अलीकडे मंडणगड तालुका आहे. रेल्वे त्याच्या वाट्याला आली नाही. कोकण रेल्वे शेजारच्या खेडमधून गेली. इथली कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, राज्यात सर्वांत जास्त. चाकरमानी गावात नसतात, हेच त्या आकड्यात दिसते. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात घरे भरतात, मग पुन्हा रिकामी होतात.

अशा गावात पोटुशी बाईचे दिवस सणांवरून मोजता येत. भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीपासून नऊ महिने पुढे गेले की ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी येते, मृगाच्या आगेमागे. आपला चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. असे नऊ महिने म्हणजे साधारण २६६ दिवस, आणि गर्भ राहिल्यापासून बाळ जन्मेपर्यंतचा सरासरी काळही २६६ दिवसांचाच. मध्ये अधिक महिना पडला तर तेच मूल वैशाखात जन्माला येते आणि तरीही पुऱ्या दिवसांचे असते. हे ज्या आजीला कळत होते तिचा हिशोब कच्चा म्हणता येणार नाही.

सगळ्यांचा हिशोब मात्र इतका सरळ नसे. नवरा गावातच शेती करणारा असेल तर सणाची खूण उपयोगी पडत नाही. आधीचे मूल अंगावर पीत असताना पाळी परत येण्याआधीच दिवस गेले, तर मोजायला शेवटची पाळीच नसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले या प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने जो नियम रूढ झाला, आणि जो आजही प्रत्येक दवाखान्यात वापरला जातो, तोही इथे अडतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा, २८० दिवस होतात, ती बाळंतपणाची तारीख. हा नियम पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे असे धरून चालतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती तारीख कोणी तरी विचारली आणि लिहून ठेवली आहे असेही धरून चालतो. मुलांचे वय गर्भातल्या आठवड्यांत मोजण्याचा पुढचा दोनशे वर्षांचा इतिहास बराचसा या दुसऱ्या गृहीताभोवती फिरला आहे. आईला वेळेवर विचारले गेले नाही म्हणून तिच्या ऐवजी कधी वजनकाट्याला, कधी बाळाच्या अंगाला, तर कधी यंत्राला विचारावे लागले.

सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले मात्र जातेच, अशी समजूत महाराष्ट्रात घरोघरी होती. तिची मुळे जुनी आहेत. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचे सारभूत बळ, आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असते, त्या वेळी जन्मलेले मूल टिकत नाही, असे आयुर्वेदाच्या संहिता सांगतात. ग्रीक वैद्यकात तर आठमाशा मुलावर स्वतंत्र ग्रंथ आहे. प्रत्यक्षात प्रत्येक जास्तीच्या आठवड्यागणिक जगण्याची शक्यता वाढत जाते. तरीही ही समजूत दोन दूरदूरच्या संस्कृतींत टिकली, त्याचे एक कारण मला असे दिसते की ‘सातमाशी’ म्हणून जगलेल्यांपैकी कित्येक मुले सातव्या महिन्यातली नव्हतीच. ती पुऱ्या दिवसांची, पण बारीक होती. आकारावरून वय ठरवण्याची ही चूक घरात झाली तशीच ती पुढे विज्ञानातही झाली, आणि तिथे तिला अधिकृत शिक्का मिळाला.

१९१९ च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणाऱ्या आर्वो युल्पो या फिनलंडच्या बालरोगतज्ज्ञाने २५०० ग्रॅमची रेघ मारली. त्याखालचे बाळ अपुऱ्या दिवसांचे समजावे. वजन करणे सोपे, आईला काही विचारायला नको. १९४८ मध्ये पहिल्या जागतिक आरोग्य सभेने हीच रेघ उचलली. एका फटक्यात भारतातली प्रचंड संख्येची मुले ‘अपुऱ्या दिवसांची’ ठरली. ही रेघ आपल्याकडे किती चुकीची पडते ते पुढे गडचिरोलीत स्वच्छ दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ या वर्षात तिथल्या गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघरी जाऊन नोंद ठेवली. त्यांत सुमारे ४२ टक्के बाळे अडीच किलोखाली भरली. सदतीस आठवड्यांआधी जन्मलेली मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच होती. म्हणजे काट्याने ज्यांना अपुरे ठरवले असते, त्यातली बहुतेक पुरे दिवस भरूनच आली होती. ती गर्भातच उपाशी राहिली होती.

हा फरक पाळण्याजवळ काय घडवतो ते पाहा. दोन बाळे आहेत, दोन्ही अठराशे ग्रॅमची. एक बत्तीस आठवड्यांचे, दुसरे अडतीस आठवड्यांचे. बत्तीस आठवड्यांच्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ अजून जमत नाही. तो साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याला आईचे दूध काढून नळीने किंवा वाटी-चमच्याने द्यावे लागते, त्याचा श्वास मध्येच थांबू शकतो, फुप्फुसे उघडी ठेवणारा स्राव पुरेसा तयार झालेला नसतो, कावीळ लवकर चढते. अडतीस आठवड्यांचे बाळ अंगाने वाळलेले असले तरी टक्क डोळे उघडून बघते आणि छातीला लावले की ओढून पिते. त्याचा धोका वेगळा. साठा नसल्यामुळे रक्तातली साखर घसरते आणि अंग गार पडते, म्हणून त्याला लवकर आणि वरचेवर पाजायला हवे. एकाला बळेच पाजले तर दूध छातीत जाण्याची भीती, दुसऱ्याला पाजायला उशीर केला तर साखर उतरण्याची. काटा दोघांनाही एकच आकडा देतो.

१९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने चूक सुधारली. अडीच किलोखालच्या बाळाला कमी वजनाचे म्हणावे, आणि अपुऱ्या दिवसांचे म्हणायचे ते फक्त सदतीस आठवड्यांआधी जन्मलेल्याला. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. लुला लुबचेन्को यांनी कोणत्या आठवड्याला किती वजन असते याचे आलेख प्रसिद्ध केले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि उंचावरची बाळे जराशी हलकी असतात, ही त्या आलेखांची मर्यादा. तरी वजन आणि वय हे दोन वेगळे अक्ष आहेत, हे त्यांनी डॉक्टरांच्या मनावर कायमचे ठसवले. आता आठवडे कळणे अटळ झाले. आणि आईकडे तारीख नसली तर ते कुठून आणायचे?

उत्तर बाळाच्या अंगावर होते. पॅरिसमध्ये आंद्रे-थोमा आणि सुझान सँत-आन दार्गासी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या स्नायूंचा ताण वर्षानुवर्षे तपासला. अठ्ठाविसाव्या आठवड्याचे बाळ हातपाय पसरून सैल पडलेले असते. ताण आधी पायांत येतो, मग वर चढत हातांपर्यंत पोचतो. चाळिसाव्या आठवड्याला बाळ हातपाय पोटाशी घेऊन झोपते. १९६६ मध्ये माँट्रियलचे रॉबर्ट अशर आणि स्कॉटलंडमधल्या व्हॅलेरी फार व त्यांचे सहकारी यांनी बाह्य खुणांकडे लक्ष वेधले. तळपायावरच्या रेषा आधी बोटांच्या बाजूला उमटतात आणि हळूहळू टाचेपर्यंत सरकतात. कानाची पाळी दुमडली तर कमी दिवसांच्या बाळात ती तशीच दुमडलेली राहते, कूर्चा तयार झाली की लगेच उघडते. स्तनाग्राखालची गाठ बोटाला लागते की नाही, लागली तर किती मिलिमीटरची, मुलाची अंडकोशपिशवी सुरकुतलेली आहे का, पाठीवरची लव दाट आहे की विरळ, त्वचेखालच्या शिरा दिसतात का. यातले काहीही बाळाला न दुखवता दोन मिनिटांत कळते.

यांना एका धाग्यात ओवले ते इंग्लंडमधल्या शेफील्डला काम करणाऱ्या लिली आणि व्हिक्टर डुबोविट्झ या दांपत्याने. लिली बुडापेस्टच्या, ज्यू, नाझींच्या काळातून वाचलेल्या. ऑस्ट्रेलियात वैद्यक शिकून इंग्लंडला आलेल्या. व्हिक्टर दक्षिण आफ्रिकेचे. त्यांनी १९७० मध्ये १६७ बाळांवरचे काम प्रसिद्ध केले. अकरा बाह्य खुणा आणि दहा मज्जासंस्थेच्या, एकूण एकवीस. प्रत्येकीला गुण द्यायचे, बेरीज करायची, बेरजेवरून आठवडे काढायचे. त्यांचा एक विचार मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी कोणत्याही एका खुणेवर विश्वास टाकला नाही. वाळलेल्या बाळाची स्तनगाठ लहान राहते, कारण तिथे चरबीच नसते. प्रसूतीत दमलेल्या बाळाचे स्नायू सैल पडतात. एक साक्षीदार चुकला तर बाकीचे वीस सावरून घेतात.

एकवीस खुणा तपासायला वेळ लागतो, आणि आजारी बाळाला उताणे-पालथे करणे बरे नव्हे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या डॉ. जीन बॅलार्ड यांनी त्यांतल्या निवडून बारा ठेवल्या, सहा अंगाच्या आणि सहा स्नायूंच्या. मनगट किती दुमडते. हात कोपरात वाकवून मग सरळ करून सोडला की परत किती झेपावतो. हात गळ्यावरून पलीकडे ओढला तर कोपर छातीच्या मध्यरेषेच्या कुठे राहते. टाच कानापर्यंत जाते का. पाच गुण वाढले की वय दोन आठवड्यांनी वाढते. १९९१ मध्ये त्यांनीच हा तक्ता सुधारून अगदी वीस आठवड्यांपर्यंत खाली नेला. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक नवजात शिशू कक्षांत भिंतीवर किंवा केसपेपरात असतो तो हाच तक्ता. भारतातही स्वतंत्र प्रयत्न झाले. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. मेहरबान सिंग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच, म्हणजे बॅलार्डच्या आधी, इथल्या बाळांसाठी सुटसुटीत गुणपद्धत मांडली होती. तिचा उल्लेख आता क्वचितच होतो, याचे वाईट वाटते.

पण या सगळ्या पद्धती बाळ जन्मल्यानंतरच्या आहेत. महाराष्ट्राने या विषयात जे खरे मोठे काम केले ते उलट बाजूने, जन्माच्या कितीतरी आधी. १९९३ च्या सुमारास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यांना गर्भातल्या बाळाची वाढ मोजायची होती, आणि आठवडे चुकले तर सारेच मोजमाप फुकट जाणार होते. म्हणून त्यांनी २४६६ विवाहित स्त्रियांच्या घरी, त्या गरोदर नसतानाच, दर महिन्याला कार्यकर्त्या पाठवल्या. एकच प्रश्न, पाळी कधी आली? पाळी चुकली की पुढे सोनोग्राफी करून आठवडे पडताळले जात. पाळीची तारीख आणि सोनोग्राफी यांत दोन आठवड्यांहून जास्त तफावत पडली तरच यंत्राचे ऐकायचे, एरवी बाईने सांगितलेली तारीख ग्राह्य.

शेतात राबणाऱ्या, शाळा फारशी न पाहिलेल्या बायकांनी सांगितलेली तारीख एका जागतिक संशोधनाचा पाया झाली. त्याचे कारण त्यांना सहा महिन्यांनी आठवायला लावले नाही, त्या त्या महिन्यात विचारले. यातून २००३ मध्ये जो निष्कर्ष जगापुढे आला तो आठवडे पक्के नसते तर कधीच मान्य झाला नसता. पुण्याकडची पुऱ्या दिवसांची ६३१ बाळे आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३३८ यांची तुलना केली तेव्हा आपली बाळे सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची भरली. पोट आणि स्नायू यांत आपली बाळे फार मागे होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळी आणि तरी चरबी धरून ठेवणारी बाळे. पुढे मधुमेहाच्या संशोधनाला या निरीक्षणाने नवी दिशा दिली. आठवडे माहीत नसते तर कोणीही सहज म्हणाले असते, ही बाळे लवकर जन्मली असतील, म्हणून लहान.

गडचिरोलीत बंग दांपत्याने हेच ज्ञान उपचारात आणले. गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन तिने बाळाचे वजन करायचे, कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घरीच ऊब द्यायची, आईचे दूध पाजायला मदत करायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षात ६२ टक्क्यांनी खाली आला होता. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच कल्पना देशभर नेली.

आणि आठवडे चुकले तर काय होते, याची किंमत महाराष्ट्राच्या परिसरातही मोजली गेली. वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. इतके स्वस्त औषध खेड्यापाड्यांत का पोचू नये, म्हणून सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. त्यात भारताची दोन केंद्रे होती, नागपूर आणि बेळगाव. जिथे तारीख माहीत नसेल तिथे पोटाच्या उंचीवर टेप लावून आठवड्यांचा अंदाज बांधायचा होता. सुमारे एक लाख जन्मांचा हिशोब २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला तेव्हा तो धक्कादायक होता. ज्या भागांत इंजेक्शनाचा प्रसार केला तिथे हजारामागे २७.४ बाळे पहिल्या महिन्यात गेली, जिथे केला नाही तिथे २३.९. ज्या बायकांना औषध दिले त्यांतल्या फक्त १६ टक्के बायकांना खरोखर फार लहान बाळे झाली. बाकीच्यांच्या बाळांना त्या औषधाची गरजच नव्हती. चांगले औषध चुकीच्या आठवड्यांना दिले गेले होते. हा निकाल दडपला नाही, स्पष्ट छापला, याबद्दल त्या संशोधकांचे आभार मानायला हवेत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अट घातली की आठवडे विश्वासाने ठरवता येत असतील तरच हे औषध द्यावे.

याच सुमाराला नागपूरने दुसरी एक कामगिरी बजावली. गर्भ आणि नवजात बाळाच्या वाढीचे जागतिक मापदंड ठरवण्याच्या इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पासाठी जगातून आठ शहरे निवडली गेली. ऑक्सफर्ड, सिएटल, ट्युरिन, नैरोबी, मस्कत, ब्राझीलमधले पेलोटास, बीजिंगचा एक भाग आणि नागपूर. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या, पहिल्या तिमाहीतच सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेल्या स्त्रिया निवडल्या, तेव्हा नागपूरचे बाळ आणि ऑक्सफर्डचे बाळ गर्भात जवळजवळ सारखेच वाढताना दिसले. आपली बाळे जन्मतःच लहान असायची, हा वंशाचा भाग नसून पोषणाचा आहे, असा माझा त्यावरून ठाम निष्कर्ष आहे.

सोनोग्राफी आज सर्वांत विश्वासाची. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली तर पाच-सात दिवसांच्या फरकाने वय सांगता येते. ही पद्धत ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये दिली. पण महाराष्ट्रात या यंत्राला दुसरा काळा इतिहास आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला, कारण गरज इथेच पडली होती. त्यामुळे यंत्राची नोंदणी, जागा आणि नोंदी यांवर कडक बंधने आली. ती आवश्यक आहेत. पण यंत्र डोंगरावरच्या वाडीपर्यंत जाणार नाही, बाईलाच यंत्रापर्यंत जावे लागेल, हाही त्यांचा परिणाम आहे.

जिथे सोनोग्राफी झाली नाही तिथे बाळाच्या खुणा किती भरवशाच्या? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात असे दिसले की डुबोविट्झ पद्धत शंभरातली पंच्याण्णव बाळे सोनोग्राफीच्या वयाच्या २.६ आठवडे आगेमागे बरोबर सांगते, बॅलार्डची मात्र ३.८ आठवड्यांच्या फरकाने, आणि तीही वय किंचित जास्त सांगते. छत्तीस आठवड्यांचे म्हणून नोंदलेले बाळ प्रत्यक्षात जेमतेम बत्तीस आठवड्यांचे असू शकते. म्हणून तक्त्यावरचा आकडा केसपेपरात उतरवताना तो कशावरून काढला हेही शेजारी लिहिले पाहिजे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जागतिक आरोग्य संघटनेने तेच स्टिरॉइड पुन्हा तपासले. या वेळी मोठ्या रुग्णालयांत आणि आठवडे सोनोग्राफीने पक्के करून, पाच देशांत, त्यांत बेळगाव पुन्हा होते. २८५२ स्त्रियांच्या या चाचणीत औषध दिलेल्यांची १९.६ टक्के नवजात बाळे दगावली, न दिलेल्यांची २३.५ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. औषध तेच होते, बदलले होते आठवड्यांचे ज्ञान आणि बाळाला मिळणारी देखभाल.

भारत सरकारच्या २०१४ च्या सूचनेनुसार चोवीस ते चौतीस आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आरोग्यसेविकेनेही डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. मंडणगडच्या एखाद्या वाडीत पावसाळ्यातल्या रात्री अशी वेळ आली, तर दापोली, खेड किंवा महाडकडे निघण्याआधी त्या सेविकेजवळ असते ते माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना आहे. आशाने तो तिसऱ्या महिन्यात, बाईशेजारी बसून, गणपती की दसरा असे विचारत विचारत भरला असेल, तर डोस द्यायचा की नाही हे त्या रकान्यावरून ठरते. तो सातव्या महिन्यात अंदाजाने भरला असेल, तर नागपूर-बेळगावला जी चूक झाली तिचीच शक्यता पुन्हा उभी राहते.